गच्चीवरचा ॲक्रिलिक लेप : कशाला पुरतो आणि कशाला पुरत नाही

घराला पावसापासून जपण्यासाठी सिमेंटच्या सपाट गच्चीवर जो पांढरा, रबरासारखा ताणला जाणारा ॲक्रिलिक लेप लावतात, त्याचे हे परीक्षण आहे. डब्यातून मिळणारा, पाण्यावर आधारलेला, रोलरने किंवा ब्रशने लावता येणारा आणि दोन थरांच्या मध्ये पॉलिएस्टरची जाळी दाबून बसवायचा, असा हा माल आहे. आमच्या घराची गच्ची, तिचा कठडा आणि पावसाचा मारा सोसणारी बाहेरची एक भिंत एवढ्या भागावर तो कारागिरांकडून लावून घेतला आणि त्यानंतरचे पावसाळे-उन्हाळे त्याने कसे काढले ते जवळून पाहिले. उत्पादकाचे नाव येथे देत नाही, कारण याच जातीचा माल अनेक नावांनी विकला जातो आणि या मालांमधल्या फरकापेक्षा लावण्याच्या पद्धतीतला फरक परिणामात जास्त दिसतो. माझे मत असे की योग्य जागी, पुरेशा जाडीने आणि नीट तयार केलेल्या पृष्ठभागावर लावला तर हा लेप उत्तम काम देतो. मात्र उतार चुकलेल्या गच्चीचे, गळक्या नळाचे किंवा जमिनीतून चढणाऱ्या ओलीचे काम त्याच्यावर सोपवले, तर तो लवकरच हात टेकतो.

म्हणून डबा विकत घेण्याआधी ओल कुठून येते हे ठरवणे भाग आहे. घरात ओल येण्याचे मुख्य मार्ग चार : वरून किंवा बाजूने शिरणारे पावसाचे पाणी, पायातून भिंतीत चढणारी जमिनीची ओल, नळ किंवा सांडपाण्याच्या नळीची गळती आणि घरातल्याच हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर जमून होणारे दव. यांपैकी पहिल्यावरच गच्चीच्या लेपाचा इलाज चालतो. छतावरचा डाग मोठा पाऊस झाल्यावर काही तासांत किंवा दिवसाभरात गडद होत असेल आणि उघाडीत फिकट पडत असेल, तर पाणी वरून येते आहे असे समजायला हरकत नाही. डाग कोरड्या हंगामातही तसाच ओला राहत असेल तर नळांकडे बघावे; घरातल्या सगळ्या तोट्या बंद करूनही पाण्याचे मीटर फिरत राहिले, तर दाबाच्या नळीत कुठेतरी गळती आहे. भिंतीच्या तळाशी साधारण मीटरभर उंचीपर्यंत ओलीचा सलग पट्टा दिसत असेल आणि त्याच्या वरच्या कडेला पांढरा लोणा धरला असेल, तर ती जमिनीची ओल आहे आणि गच्चीवर कितीही थर दिले तरी तिला फरक पडणार नाही.

चौथा मार्ग लोकांच्या लक्षात सर्वांत कमी येतो. खोलीतली हवा 25 अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता 60 टक्के असेल, तर सुमारे 17 अंशांपेक्षा थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव जमते. कपाटामागचा बाहेरच्या भिंतीचा कोपरा, जिथे हवा खेळत नाही, तिथे काळी बुरशी धरते ती बहुधा यामुळे. अशा ठिकाणी बाहेरून जलरोधक लेप लावला तर पैसे वाया जातात, बुरशी तशीच राहते. तिथे हवा खेळती करणे, वाफ बाहेर काढणे आणि घरातली आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली ठेवणे एवढाच उपाय लागू पडतो. लेप विकणाऱ्या माणसाने यांतला एकही प्रश्न विचारला नाही आणि थेट क्षेत्रफळ मोजायला टेप काढली, तर त्याला काम देण्याची घाई करू नये.

गळतीकडे दुर्लक्ष का करू नये, याचे खरे कारण डागात किंवा पोपड्यांत नाही. ताज्या काँक्रीटमध्ये अल्कलीचे प्रमाण इतके असते की त्याचा पीएच साडेबाराच्या वर राहतो आणि त्या वातावरणात आतल्या सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत जातो, पीएच नऊच्या खाली येतो आणि तो थर नाहीसा होतो. त्यात पाणी आणि ऑक्सिजन मिळाला की सळई गंजते, आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असल्याने काँक्रीट आतून फुटते. छताचे जे पापुद्रे खाली पडतात, ते वर्षानुवर्षे मुरलेल्या पाण्याने पडतात. सळई उघडी पडलेल्या छतावर वरून लेप लावून भागत नाही. गंज काढून, सळईवर संरक्षक थर देऊन, पॉलिमरयुक्त मसाल्याने ती जागा भरून काढावी लागते, आणि नुकसान खोलवर असेल तर स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता प्रत्यक्ष मालाविषयी. हा लेप म्हणजे पाण्यात तरंगणारे ॲक्रिलिक पॉलिमरचे सूक्ष्म कण, त्यांच्या जोडीला पांढरे रंगद्रव्य आणि भरावाची पूड. लावल्यावर पाणी उडून जाते, कण एकमेकांना भिडून एकजीव होतात आणि सलग पापुद्रा तयार होतो. ही प्रक्रिया समजली की वापराचे बहुतेक नियम आपोआप समजतात. हवा दमट असेल किंवा गारठा असेल तर पाणी उडायला वेळ लागतो, आणि थर वरून कोरडा वाटला तरी आतून कच्चा असतो. त्या अवस्थेत पाऊस पडला तर लेप अक्षरशः धुऊन जातो. म्हणून पावसाळा तोंडावर आल्यावर घाईने हे काम काढणे धोक्याचे आहे; सलग काही दिवस उघडीप राहील असा काळ हवा, आणि दोन थरांमध्ये माहितीपत्रकात दिलेला अवधी पूर्ण द्यायला हवा. भर दुपारी तापलेल्या गच्चीवर लावणेही तितकेच वाईट, कारण वरची साय झटकन धरते आणि खालचे पाणी अडकून बुडबुडे उठतात. सकाळी ऊन चढण्याआधी काम सुरू करणारे कारागीर मला म्हणूनच विश्वासाचे वाटले.

या मालाच्या परीक्षणात सर्वांत महत्त्वाचा मुद्दा जाडीचा आहे, आणि नेमका तोच डब्यावर सर्वांत पुसट छापलेला असतो. हिशेब सोपा आहे. एक लिटर द्रव एक चौरस मीटरवर पसरला की एक मिलिमीटरचा ओला थर होतो. आकारमानाने निम्मा भाग पाण्याचा असेल, तर सुकल्यावर उरतो तो अर्धा मिलिमीटर. म्हणजे सुकलेला एक मिलिमीटर थर हवा असेल, तर दर चौरस मीटरला दोन लिटर माल लागणार. शंभर चौरस मीटरच्या गच्चीला दोनशे लिटर. डब्यावर घन पदार्थांचे प्रमाण वजनाने दिलेले असेल तर आणखी सावध राहावे, कारण भरावाची पूड जड असल्यामुळे वजनाचा आकडा आकारमानाच्या आकड्यापेक्षा मोठा दिसतो. माझ्या मते गच्चीवर सुकलेला थर निदान अर्धा मिलिमीटर तरी हवाच, आणि जाळी धरून तो मिलिमीटरच्या आसपास गेला तर तो चांगला टिकतो. रंगासारखे दोन हात मारून ‘गच्ची जलरोधक झाली’ असे सांगणारा कारागीर लेप लावत नाही, रंग देतो. आमच्याकडे मालाचे सीलबंद डबे गच्चीवरच उघडावेत आणि रिकामे डबे काम संपेपर्यंत तिथेच ठेवावेत असे ठरवून घेतले होते. क्षेत्रफळ आणि रिकामे डबे यांचा मेळ घातला की किती माल गेला हे कुणाच्याही शब्दावर अवलंबून राहत नाही. पहिला हात प्रायमर म्हणून पाणी घालून देतात ते योग्यच आहे, पण पुढच्या थरांत पाणी घालणे म्हणजे जाडी चोरणे आहे, आणि ते डोळ्यांदेखत होऊ देता कामा नये.

जाहिरातीत ज्या गुणाचा सर्वाधिक गाजावाजा होतो तो म्हणजे ताण. तीनशे टक्के, चारशे टक्के ताणला जाईल असे आकडे दिलेले असतात, आणि ते प्रयोगशाळेत खरेही असतात. कामातून उरलेल्या लेपाची सुकलेली पट्टी हातात धरून ओढली तर ती सहज दुप्पट-तिप्पट लांब होते आणि सोडली की सावकाश जागेवर येते. पाहणाऱ्याचे समाधान होते. पण गच्चीवरची परिस्थिती वेगळी आहे. तिथे लेप पृष्ठभागाला घट्ट चिकटलेला असतो. खाली नवी भेग उघडली की भेगेच्या दोन्ही काठांवरचा लेप हलू शकत नाही आणि सगळा ताण फक्त भेगेच्या रुंदीएवढ्या चिंचोळ्या भागावर येतो. शून्यातून अर्धा मिलिमीटर उघडणाऱ्या भेगेवर ताणाच्या टक्केवारीला काही अर्थच उरत नाही. तिथे लेपाची जाडी आणि आतली जाळी कामी येते. आधीच माहीत असलेल्या, हलणाऱ्या भेगेवर चांगले कारागीर म्हणूनच आणखी एक गोष्ट करतात : भेग रुंदावून तिच्यात लवचीक सीलंट भरतात, वरून लेपाला न चिकटणारी अरुंद पट्टी टाकतात आणि मग जाळीसह लेप देतात. पट्टीच्या रुंदीइतका लेप मोकळा राहतो आणि ताण त्या सगळ्या रुंदीवर वाटला जातो. ही पट्टी वापरता का, असे विचारल्यावर समोरचा माणूस गोंधळला तर त्यातून बरेच काही कळते.

भेगा हलतात याचे कारण ऊन. काँक्रीट दर अंशाला लांबीच्या सुमारे एक लाखांश प्रसरण पावते. दहा मीटर लांबीची गच्ची पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत 40 अंशांनी तापली तर ती चार मिलिमीटरने वाढू पाहते. कठडा उभा असल्याने तो वेगळ्या गतीने तापतो, आणि म्हणूनच गच्ची व कठडा जिथे मिळतात तिथली भेग कितीही वेळा भरली तरी पुन्हा उघडते. पांढऱ्या रंगाचा येथे दुहेरी उपयोग होतो. नवा पांढरा लेप सूर्याच्या उष्णतेचा साधारण 80 टक्के भाग परत फेकतो, त्यामुळे छत कमी तापते आणि कमी तापल्यामुळे कमी हलते. वरच्या खोलीत उन्हाळ्यात पडलेला फरक पंख्याखाली बसल्यावर जाणवतो. धूळ आणि शेवाळ बसले की हा गुण कमी होतो, म्हणून वर्षातून एकदा गच्ची मऊ झाडूने व साध्या पाण्याने धुणे हा देखभालीचाच भाग समजावा.

लेप लावण्याच्या सेवेबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण गच्चीचे भवितव्य डबा उघडण्याआधीच ठरलेले असते. कारागिरांनी गच्ची तारेच्या ब्रशने घासली, शेवाळ काढले, सुटा गिलावा ठोकून पाडला आणि दाबाच्या पाण्याने धुतली. हे काम त्यांनी मन लावून केले आणि त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. त्यानंतर कठड्याच्या पायथ्याशी असलेला वाटा, म्हणजे गच्ची व कठडा यांच्या कोपऱ्यात मसाल्याने दिलेली गोलाई, त्यांनी तोडून नव्याने भरला. गच्ची आणि कठडा यांच्या काटकोनात लेप कधीच सारखा बसत नाही, कोपऱ्यात पातळ होतो किंवा ताणून सुटतो. गोलाई दिलेल्या वाट्यावरून मात्र जाळी आणि लेप अखंड वर जातो. कठड्यावर तो निदान वीतभर उंच न्यावा आणि त्याची वरची कड गिलाव्यात कापलेल्या खाचेत संपवावी, नाहीतर भिंतीवरून ओघळणारे पाणी याच कडेतून लेपाच्या मागे उतरते.

तक्रार आहे ती पाणी बाहेर जाण्याच्या तोंडाबद्दल. गच्चीवरचा प्रत्येक थेंब शेवटी तिथे येतो, त्यामुळे सर्वांत जास्त काळजी तिथे घ्यायला हवी. पण कारागिरांनी तो भाग शेवटासाठी ठेवला होता आणि नळीच्या तोंडाभोवती नुसते सीलंटचे बोट फिरवून तो संपवण्याचा त्यांचा बेत होता. प्लास्टिकची नळी आणि काँक्रीट ऊन लागल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यांच्यामधली फट दरवर्षी उघडते-मिटते, आणि सीलंटचा नुसता गोल तिथे फार दिवस टिकत नाही. तोंडाभोवतीचा भाग थोडा खोलगट कापून घ्यावा, जुना मसाला काढावा, नळीचा आतला भाग खरवडून खरबरीत करावा, जाळीचे पाकळ्यांसारखे तुकडे कापून ते नळीच्या आत काही सेंटिमीटर उतरवावेत आणि मग त्यावर लेप द्यावा, असा आग्रह धरल्यावर त्यांनी ते केले, आणि चांगलेही केले. पण हे ग्राहकाला सांगावे लागू नये. ज्यांना सांगण्याइतकी माहिती नसते त्यांच्या घरी काय होत असेल, याची मला खरोखर चिंता वाटते.

पृष्ठभाग पुरेसा वाळला आहे की नाही हे पाहण्याची एक साधी रीत आहे आणि तिला काहीही खर्च येत नाही. साधारण अर्धा मीटर लांब-रुंद स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने गच्चीवर बंद करावा आणि रात्रभर, म्हणजे निदान सोळा तास, तसाच ठेवावा. आतल्या बाजूने पाण्याचे थेंब दिसले किंवा खालचे काँक्रीट काळपट झाले, तर आत ओल आहे आणि लेपाला थांबले पाहिजे. आमच्या गच्चीवर टाकीच्या ओट्यालगतच्या भागात असे थेंब दिसले होते; तो भाग वाळू द्यायला हवा होता तितका वाळू दिला गेला नाही आणि नेमका तिथेच पुढच्या उन्हाळ्यात तळहाताएवढा फुगा आला. फुगा कापल्यावर आतली बाजू ओलसर होती आणि लेपाला काँक्रीटची बारीक पूड चिकटून आली होती. लेप कुठे फाटला नव्हता, त्यातून पाणीही शिरले नव्हते. खाली अडकलेल्या पाण्याची उन्हाने वाफ झाली आणि तिने लेप उचलला. दुरुस्ती सोपी निघाली : सुटा भाग कापून काढला, वाळवला, भोवतालचा लेप थोडा घासला आणि जाळीसह नवा थर दिला. नवा थर जुन्यावर असा बेमालूम चिकटतो हा ॲक्रिलिकचा मोठा गुण आहे, आणि त्यासाठी मी त्याला वरचे गुण देतो.

काम संपल्यावर पाणी भरून चाचणी घ्यावी. नळीची तोंडे तात्पुरती बंद करून गच्चीवर सुमारे 25 मिलिमीटर पाणी निदान 24 तास उभे ठेवतात आणि खालचे छत तपासतात. 25 मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला 25 किलो वजन, त्यामुळे जुन्या आणि कमकुवत छतावर अभियंत्याला विचारल्याशिवाय ही चाचणी करू नये. लेप पूर्ण पक्का होण्याआधीही ती करू नये. ॲक्रिलिकला त्यासाठी काही दिवस लागतात. चाचणी नको म्हणणाऱ्या ठेकेदाराला शेवटचा हप्ता देण्याचे कारण मला दिसत नाही.

पावसात लेपाची कामगिरी उताराच्या भागावर निर्दोष आहे. पाणी त्यावर थांबत नाही, घरंगळत जाते, आणि खालच्या छतावरचे जुने डाग वाळून तसेच राहिले आहेत, पसरलेले नाहीत. जिथे खळगा आहे तिथे मात्र लेपाचा कमकुवतपणा उघड होतो. पाऊस थांबून 48 तास उलटल्यावरही जिथे पाणी दिसते, त्या जागी ॲक्रिलिक लेप पाणी शोषून फुगतो, मऊ पडतो आणि नखाने दाबला तर खूण उमटते. अशाच सततच्या ओल्या-सुक्या चक्रात तो पुढे सुटू लागतो. एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या, ॲक्रिलिक छतलेपांसाठीच्या डी 6083 या मानकात पाणी शोषून फुगण्याची चाचणी आहे ती याच कारणाने. माहितीपत्रकात तिचा निकाल दिलेला असेल तर तो ताणाच्या आकड्याआधी वाचावा. खळगे असलेल्या गच्चीवर आधी पॉलिमरयुक्त मसाल्याने उतार काढून घ्यावा, दर 80 ते 100 सेंटिमीटरला निदान एक सेंटिमीटर, आणि मग लेपाचा विचार करावा. पाण्याला जायला वाट दिली की लेपावरचे निम्मे ओझे उतरते; ती न देता लावलेला सर्वांत महागडा मालही दोन-तीन पावसाळ्यांत हरतो.

वादळी हवामानात घराला दोन वेगळे धोके असतात आणि या लेपाचा दोन्हींशी संबंध मर्यादित आहे. पहिला वाऱ्याच्या दाबाचा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो : ताशी 72 किलोमीटर वेगाला तो दर चौरस मीटरला सुमारे 25 किलो असतो, आणि वेग दुप्पट होऊन 144 झाला की सुमारे शंभर किलो. छताच्या कडा आणि कोपऱ्यांवर वर उचलणारे बल यापेक्षाही जास्त असते, म्हणून पत्रे नेहमी कोपऱ्यापासून उडू लागतात. पूर्ण चिकटलेल्या लेपाखाली वाऱ्याला शिरायला जागाच नसल्याने तो उडत नाही, हा त्याचा पत्र्याच्या किंवा सुट्या अंथरलेल्या जलरोधक पडद्याच्या तुलनेत फायदा आहे. पण खालचा गिलावाच सुटा असेल तर लेप गिलाव्यासकट निघतो. पत्र्याच्या छतावर हाच लेप स्क्रूच्या डोक्यांवर लावून ‘वादळापासून संरक्षण’ म्हणून विकला जातो. तो गळती कमी करील, पत्रा धरून ठेवणार नाही. ते काम स्क्रूंची संख्या, त्यांचे वायसर आणि खालच्या कैचीची पकड यांचे आहे.

दुसरा धोका वाऱ्याने आडव्या मारलेल्या पावसाचा. बाहेरच्या भिंतीवर लावलेला लेप केसासारख्या बारीक भेगा चांगल्या झाकतो आणि आमच्या भिंतीला आतून पडणारे पोपडे त्यामुळे थांबले, हे मान्य केले पाहिजे. तरी भिंतीसाठी माझी शिफारस सरसकट नाही. भिंतीच्या आत आधीच ओल असेल तर जाड लेप तिला बाहेर पडू देत नाही, आणि मग तो फुगे धरून सुटतो. भेगा नसलेल्या, उघड्या विटांच्या किंवा दगडी भिंतीवर सिलेन-सिलोक्सेन वर्गातला जलप्रतिकारक द्रव जास्त योग्य ठरतो. तो छिद्रांत मुरतो, पापुद्रा धरत नाही, पाणी आत घेत नाही आणि वाफ अडवत नाही. त्याने भेगा मात्र मिटत नाहीत. आणि आडव्या पावसाचे पाणी सर्वाधिक शिरते ते खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटीतून, बाहेर उतार नसलेल्या सज्ज्यातून आणि खालच्या कडेला ड्रिप मोल्ड, म्हणजे पाणी तोडणारी खाच, नसलेल्या छज्ज्यातून. छज्ज्याच्या खालच्या बाजूला बोटभर रुंदीची खाच असली की पाणी तिथेच तुटून खाली पडते आणि भिंतीकडे सरकत नाही. इतक्या कमी खर्चात इतका उपयोग करणारी दुसरी गोष्ट माझ्या माहितीत नाही.

अतिवृष्टीच्या आधी लेपापेक्षा पाणी जाण्याच्या वाटा तपासणे जास्त मोलाचे आहे. पालापाचोळ्याने तोंड बुजले आणि कठड्याच्या आत दहा सेंटिमीटर पाणी साठले, तर दर चौरस मीटरला शंभर किलोचा भार छतावर येतो, आणि ते पाणी लेपाच्या वरच्या कडेवरून मागे उतरते. प्रत्येक गच्चीला निदान दोन निकास असावेत आणि कठड्यात जास्तीचे पाणी बाहेर सांडेल असे एक भोक असावे. ते वाहताना दिसले की मुख्य तोंड बुजले आहे हे तळमजल्यावरूनही कळते. पूर किंवा गळतीनंतर भिजलेल्या वस्तू आणि भिंती 24 ते 48 तासांत वाळवायला सुरुवात झाली तर बुरशी धरण्याचा संभव बराच कमी होतो.

इतर पर्यायांची तुलना थोडक्यात करतो. पाणी साठण्याचा संभव असलेल्या किंवा वर्दळीच्या गच्चीसाठी पॉलियुरेथेन लेप ॲक्रिलिकपेक्षा सरस आहे, पण त्याचा वास उग्र असतो, लावताना ओल अजिबात चालत नाही आणि त्याचे स्वस्त प्रकार उन्हाने पिवळे पडतात, म्हणून वर संरक्षक थर लागतो. डांबराचे तयार पडदे तीन-चार मिलिमीटर जाड असतात आणि भक्कम असतात. त्यांची कमजोरी सांध्यांत आणि आगीच्या झोताने ते वितळवणाऱ्या हातात असते. सिमेंट-पॉलिमरचा दोन घटकांचा लेप ओलसर पृष्ठभागावरही बसतो आणि न्हाणीघर किंवा पाण्याच्या टाकीसाठी पहिली निवड आहे, परंतु उघड्या गच्चीवर वरून कोब्याचा किंवा फरशीचा थर दिल्याशिवाय तो वापरू नये.

हमीपत्राबद्दल सावध करणे आवश्यक वाटते. आम्हाला मिळालेल्या कागदावर वर्षांचा आकडा ठळक होता, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत साठलेले पाणी, इमारतीच्या हालचालीमुळे पडलेल्या भेगा आणि ‘अयोग्य पृष्ठभाग’ ही तिन्ही कारणे वगळलेली होती. गच्ची गळण्याची बहुतेक कारणे याच तीन शब्दांत येतात. त्यातही उत्पादकाची हमी फक्त नवा डबा देण्यापुरती असते आणि मजुरी त्यात धरलेली नसते. ठेकेदाराकडून वेगळे लेखी घ्यावे : किती लिटर माल, किती थर, जाळी कुठे, सुकलेली जाडी किती आणि पाण्याची चाचणी कधी. डब्यांवरचे उत्पादन क्रमांक आणि अंतिम तारीख दाखवणारी छायाचित्रे काढून ठेवावीत. तक्रारीच्या वेळी हमीपत्रापेक्षा तीच जास्त उपयोगी पडतात.

ज्यांच्या गच्चीला उतार आहे, बारीक भेगा आहेत, वर फारशी वर्दळ नाही आणि दर काही वर्षांनी एक वरचा थर देण्याची तयारी आहे, त्यांनी हा लेप निःशंक लावावा. पुढचा थर कधी द्यायचा हे वर्षे मोजून ठरवू नये. पांढरेपणाखालून जाळीची वीण डोळ्यांना दिसू लागली की वेळ आली असे समजावे, आणि जाळी उघडी पडण्याआधी ते काम उरकावे, कारण उघड्या पडलेल्या जाळीचे धागे पाणी ओढतात आणि मग वरून थर देऊन भागत नाही, तेवढा पट्टा कापूनच काढावा लागतो.